ब्लॅक बेअर पासची उतरण

मंडळी, ब्लॅक बेअर पास या खिंडीतल्या खडकाळ जीपवाटेचं नाव काढलं की पहिला प्रश्न हमखास इंजिनाचा येतो: किती ताकद लागते? खरं सांगायचं तर या वाटेला ताकद फार लागत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या सान हुआन डोंगरांत, रेड माउंटन पासच्या माथ्याजवळ ५५० क्रमांकाचा महामार्ग सोडायचा. तिथली उंची ११,०१८ फूट. तिथून १२,८४० फुटांवरची खिंड गाठायची आणि मग पलीकडे टेल्युराइड गावापर्यंत, म्हणजे ८,७५० फुटांपर्यंत उतरायचं. चढ दोन हजार फुटांहून कमी, उतार चार हजारांचा. उतारावर लागतो तो संथपणा, आणि तो ब्रेकच्या पेडलातून नाही, गिअरमधून येतो.

महामार्ग सोडताच गाडी फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या संथ गिअर-टप्प्यात (लो रेंजमध्ये) घ्या. गाडी जवळजवळ थांबवून, न्यूट्रल करून फोर-लोचा लिव्हर ओढायचा. पळत्या गाडीत ओढलात तर दाते खरवडतील. जीप रँग्लरच्या रुबिकॉन मॉडेलमध्ये लो रेंजचं प्रमाण ४:१ असतं, बाकीच्या बहुतेक रँग्लरमध्ये २.७२:१. हा फरक चढताना फारसा कळत नाही, उतरताना लगेच कळतो. शिवाय एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. या उंचीवर हवा विरळ असल्याने टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद जवळजवळ एक तृतीयांश कमी होते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याच कारणाने इंजिनाचा रोधही (गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे धरतं तो) कमी होतो. खाली ज्या उताराला दुसरा गिअर पुरतो, त्याला इथे पहिलाच लागतो.

टायरमध्ये ३६ पीएसआय हवा असेल तर १८ ते २० वर आणा. टायर पसरतो, दगडाला धरून बसतो, गाडीचे हादरे कमी होतात. पंधराच्या खाली मात्र साध्या रिमवर जाऊ नका. कललेल्या खडकावर स्टिअरिंग वळवताना टायरची कड रिमवरून निसटते. टपावरचं सामान खाली घ्या. पन्नास किलो टपावर आणि पन्नास किलो फरशीवर यांत, गाडी दरीकडे झुकते तेव्हा फार मोठा फरक असतो.

खिंडीतून खाली इंग्रम बेसिन या डोंगरांनी वेढलेल्या खोलगट भागात ब्लॅक बेअर खाणीचे अवशेष दिसतात: मोडकी लाकडं, गंजलेलं लोखंड, टाकाऊ दगडांचे पिवळट-नारिंगी ढीग. तो रंग पायराइट या खनिजातलं लोखंड गंजल्याचा. गंधकयुक्त खनिजाला हवा-पाणी लागलं की आम्ल बनतं आणि ते धातू विरघळवत ओढ्यात उतरतं. म्हणून इथलं पाणी गाळूनही पिऊ नका. साधा फिल्टर जंतू अडवतो, विरघळलेला धातू नाही. बोगद्यांच्या तोंडाशी डोकावण्याचा मोह आवरा. आतली लाकडं कुजलेली असतात, हवेत प्राणवायू कमी असू शकतो. शिवाय १८७२ च्या खाण कायद्याखाली इथले कितीतरी पट्टे कायमचे खासगी मालकीचे झाले, त्यामुळे ओसाड दिसणारी जागा बिनमालकीची असेलच असं नाही. गाडी ढिगाजवळ उभी करणार असाल तर आधी उतरून जमीन पाहा. जुने खिळे आणि तारदोराचे तुटके धागे टायरची बाजू फाडतात, आणि बाजूला पंक्चरची पट्टी टिकत नाही.

आता स्टेप्स, म्हणजे या वाटेचा सर्वांत कठीण टप्पा. बेसिन संपतं तिथे वाट खडकाच्या पायऱ्यांवरून खाली जाते, अरुंद, आणि दरीच्या बाजूला कललेली. इथून पुढे ब्राइडल व्हेल धबधब्याजवळच्या पॉवर हाऊसपर्यंत एकेरी उतरण आहे, परत फिरणं नाही. म्हणून गाडी थांबवा, चालत खाली जाऊन वाट पाहून या, सोबतच्यांना चालतच उतरू द्या. खुणा करणारा माणूस एकच असावा, आणि त्याने गाडीच्या खालच्या बाजूला उभं राहू नये. सोय असेल तर पुढचा अँटी-रोल बार (दोन्ही चाकांना जोडणारा, गाडी कलू न देणारा दांडा) मोकळा करा, म्हणजे चारही चाकं जमिनीला लागून राहतात.

प्रत्यक्ष पायरीवर काय होतं पाहा. पुढचं चाक कडेवर येतं, क्षणभर थांबतं, मग खाली बसतं. तेवढ्यात वजन पुढच्या, दरीकडच्या चाकावर जातं. त्याच क्षणी ब्रेक जोरात दाबला तर मागचं चाक हलकं होऊन उचलतं. म्हणून चाक कडेला येण्याआधीपासूनच ब्रेक हलका, एकसारखा धरलेला हवा. मॅन्युअल गाडीत क्लचला पाय लावायचा नाही. क्लच दाबलात की गाडी मोकळी सुटली. चाकं जाम होऊन गाडी घसरू लागली तर मन सांगतं ब्रेक आणखी दाब. पण सोडायचा असतो तो ब्रेकच, अगदी किंचित, कारण फिरणारं चाकच स्टिअरिंगचं ऐकतं.

पुढची हेअरपिन वळणं लांब गाडीला एका दमात बसत नाहीत. दोन दारांच्या रँग्लरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, सुमारे २.४६ मीटर, जवळपास आपल्या थारएवढाच. चार दारांच्या रँग्लरचा तीन मीटर. मोठ्या गाडीला पुढे-मागे करावंच लागतं. तोंड दरीकडे असताना रिव्हर्स टाकण्याआधी हँडब्रेक ओढा, गाडी मागे ओढ घेते आहे हे जाणवल्यावरच तो सोडा.

वाट साधारण जुलैअखेर उघडते. दुपारी विजांसह पाऊस येतो, म्हणून सकाळी लवकर निघा. ओला खडक आणि कललेली वाट हे दोन्ही एकत्र नको.

ब्राइडल व्हेल धबधब्याच्या माथ्यावरचं १९०७ चं जलविद्युतगृह आलं की कठीण भाग संपला. धबधबा ३६५ फुटांचा. पुढची वाट दुहेरी आहे, समोरून गाड्या येतात. टेल्युराइडला पोचल्यावर तापलेल्या ब्रेक डिस्कवर पाणी ओतू नका, तडा जातो. निवू द्या, आणि डांबरी रस्त्यावर वेग घेण्याआधी टायरमध्ये हवा भरा.