२४ व्होल्ट दिसले म्हणजे सिग्नल आला?

नमस्कार मंडळी. निम्मी कुपवाड एमआयडीसी समोर बसलीय, त्यामुळं सर्व्हो म्हणजे हुकमाप्रमाणं नेमकी फिरणारी मोटर आणि ड्राइव्ह म्हणजे तिला चालवणारा कंट्रोलर, एवढंच सांगून पुढं जातो. विषय दिलाय ‘सर्व्हो ड्राइव्हचे डिजिटल इनपुट कसे तपासावेत’. तपासू. (डिजिटल इनपुट म्हणजे ड्राइव्हची चालू-बंद हुकूम घेणारी टर्मिनलं.) आधी माझं एक जुनं दुखणं ऐकून घ्या.

सांगलीतलंच एक हळद पॅकिंगचं युनिट. (हळदीच्या गावात पॅनेलचा पंखासुद्धा नवरदेवागत पिवळा असतो.) पाउच मशिनवर फिल्म ओढणारा सर्व्हो हलेना. पीएलसीवर, म्हणजे मशिनला हुकूम सोडणाऱ्या कंट्रोलरवर, आउटपुटचा दिवा लागलेला, ड्राइव्ह मात्र ढिम्म. सर्व्हिसला आलेल्या पोरानं मीटरची काळी पिन झिरो व्होल्टला लावली, लाल पिन सर्व्हो-ऑनच्या, म्हणजे मोटर सज्ज करायचा हुकूम घेणाऱ्या, टर्मिनलला. २४ व्होल्ट! ‘‘सिग्नल येतोय सायेब, ड्राइव्हच गेला.’’ ड्राइव्ह उतरवून पुण्याला पाठवला. तिकडून चिठ्ठीसकट परत: दोष आढळला नाही. तपासणीचं बिल तेवढं आढळलं. हळदीचा सीझन ऐन भरात, आणि मालक काय काय बोलले... जाऊ दे, ते इथं बसलेत का आधी बघतो.

आता खरी गंमत. जोडणी होती एनपीएन, म्हणजे टर्मिनल झिरोला खेचून हुकूम देणारी. ड्राइव्हच्या कॉमला, म्हणजे सगळ्या इनपुटांच्या सामाईक टर्मिनलला, प्लस २४ कायमचे. पीएलसीनं टर्मिनल झिरोला खेचलं, की आतल्या ऑप्टोकपलरमधून (प्रकाशानं सिग्नल पुढं पोचवणारा भाग) करंट वाहतो आणि इनपुट लागतो. म्हणजे त्या टर्मिनलवर झिरोच्या हिशेबानं २४ दिसतात, तेव्हा इनपुट बंद असतो! आउटपुट कार्डाची झिरोची कॉमन वायर स्क्रूखालून निसटली होती, बस्स. पीएलसीचा दिवा ‘मी हुकूम सोडला’ एवढंच सांगतो. हुकूम पोचला का, हे ड्राइव्हलाच विचारायचं ना! त्याच्या डिस्प्लेवर कुठला इनपुट लागलाय ते दाखवणारा इनपुट मॉनिटर असतो. पण आपल्याकडं तो उघडायच्या आधी पॅनेलचे स्क्रू उघडतात.

पाच मिनिटं राहिली म्हणताय? बरं, भराभर सांगतो. कंट्रोल सप्लाय वेगळा असेल तर तेवढाच चालू ठेवा, मेन सप्लाय बंद. वेगळा नसेल तर मोटर लोडपासून सोडवा. मॉनिटर उघडा. मीटर कॉम आणि इनपुट यांच्यामध्ये लावा. आयईसी ६११३१-२ या पीएलसीच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या टाइप १ इनपुटला १५ व्होल्टच्या वर चालू नक्की, ५ च्या खाली बंद नक्की. मध्ये ९-१० दिसले तर कशाचाच भरवसा नाही. मग पीएलसीची वायर काढा आणि तात्पुरत्या वायरनं टर्मिनल झिरोला टेकवा. कॉम झिरोला असेल तर प्लसला. मॉनिटर बदलला तर ड्राइव्ह ठणठणीत, दोष मागं, वायरिंगमध्ये किंवा पीएलसीत शोधा. पल्सच्या (किती आणि किती वेगानं फिरायचं ते सांगणाऱ्या) टर्मिनलवर हा खेळ नको, तिथला ऑप्टोकपलर ५ व्होल्टचा असला तर २४ नं जळेल.

लिमिट स्विच (हालचालीची हद्द संपली हे सांगणारा) एनसी, म्हणजे एरवी जोडलेला, असतो, वायर तुटली तरी मशिन थांबावं म्हणून. अलार्म घालवायला पॅरामीटरमध्ये त्याची पोलॅरिटीच (चालू-बंदचा अर्थ) उलटी करून ठेवणारे महाभाग याच सभागृहात आहेत. नावं घेत नाही. चहाला भेटा, बोलू.