प्राध्यापक मधु दंडवते : वर्गातून संसदेकडे

श्रोतेहो, नमस्कार.

मडगाव किंवा थिवी स्थानकावरून रात्रीच्या गाडीने मुंबईला निघालेला सामान्य प्रवासी द्वितीय वर्गाच्या ज्या मऊ बाकावर पाठ टेकतो, ते बाक एकेकाळी लाकडी फळीचे असत. त्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसवण्याचा निर्णय १९७७ च्या जनता सरकारातील रेल्वेमंत्री प्राध्यापक मधु दंडवते यांनी घेतला. शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्याला उमगेपर्यंत धडा संपला असे न मानणाऱ्या शिक्षकाची दृष्टी मला या निर्णयात दिसते.

२१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर येथे जन्मलेले दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत. अध्यापन आणि समाजवादी चळवळ त्यांनी बरोबरीने चालवली. १९५५ मध्ये गोव्याच्या मुक्तीसाठी झालेल्या सत्याग्रहात ते सहभागी झाले, हे आपण गोमंतकीयांनी विशेष कृतज्ञतेने स्मरले पाहिजे.

वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै यांचे जानेवारी १९७१ मध्ये निधन झाले आणि त्यांचा राजापूर मतदारसंघ त्याच वर्षी दंडवत्यांकडे आला. तेथून ते सलग पाच वेळा लोकसभेवर गेले. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात, तर पत्नी प्रमिलाताई येरवड्यात होत्या. पुढे रेल्वेमंत्री होताच त्यांनी १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना पुन्हा कामावर घेतले.

नाथ पैंनी आग्रहाने मांडलेला कोकण रेल्वेचा प्रश्न मात्र पैशांपाशी अडत होता. १९९० मध्ये दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना यासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. त्याच्या भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, तर गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के ठरला आणि उरलेला निधी मुख्यतः रोख्यांतून उभा करायचा होता. अर्थसंकल्पाच्या तिजोरीकडे पाहत बसण्याऐवजी राज्यांना भागीदार करणारी ही व्यवस्था मला फार महत्त्वाची वाटते. गोव्यात मार्गाच्या आखणीला विरोध झाला. खाजन जमिनी, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची शेते, आणि जुन्या गोव्याचा वारसा यांविषयीची ती काळजी निराधार नव्हती, हेही येथे नमूद करायला हवे.

१९९१ च्या निवडणुकीत राजापूरच्या मतदारांनी दंडवत्यांना पराभूत केले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा संपूर्ण लोहमार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी वाहतुकीस खुला झाला.