परवाची मटकी

(दृश्य: पहाटेचे साडेचार. सांगली, गणपती पेठेतला एक बोळ. शटर वर जातं. आत भट्टीचा उजेड.)

आमच्याकडं मिसळीच्या दुकानालाही हॉटेलच म्हणतात. आमच्या हॉटेलात सहा टेबलं, एक गल्ला आणि मागं अंधारं स्वयंपाकघर. पेठेत गाड्या खाली करणारे हमाल पाचलाच यायचे, त्यांना पहिला कट. त्यांच्यानंतर दुकानदार, आणि उन्हं आल्यावर बाकीचं गाव. मी शाळेत जायच्या आधी शंभरेक वाट्या विसळलेल्या असायच्या. बोटांना कांदा-लसूण चटणीचा वास असायचा, आणि त्यावरून वर्गात मुली बोलायच्या. सहावीत असताना मी रोज दोनदा साबण लावायचे.

(दृश्य: फडक्यात बांधलेली मटकी. आईचे हात गाठ सोडताहेत.)

मिसळीचं सगळं गणित मटकीत आहे. आज रात्री निवडून भिजत घातलेली मटकी उद्या सकाळी उपसायची, ओल्या फडक्यात घट्ट बांधायची, मग परवा पहाटे तिला नीट मोड येतात. थंडीत तेवढ्यानंही भागत नाही. मग गाठोडं रात्रभर भट्टीच्या उबेला ठेवावं लागतं. म्हणजे परवा किती माणसं जेवतील हे आज ठरवायचं. कमी पडली तर नऊ वाजताच 'संपली' म्हणायची पाळी, उरली तर दुपारपर्यंत आंबूस वास.

हा अंदाज आई बांधायची. फळीजवळ कालनिर्णय टांगलेलं असे. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार आला की मटकी कमी आणि साबुदाणा जास्त. लग्नाची दाट तिथी असली की पेठेत खरेदीला गर्दी, मग मटकी वाढवायची. पाऊस लागून राहिला तर हमालांना काम नाही, मग परत कमी. वजनकाटा होता, पण आई मुठीनं मोजायची, आणि क्वचितच चुकायची. पाटीवर आजोबांचं नाव, गल्ल्यावर अण्णा. गिऱ्हाइकं तारीफ करायची ती अण्णांची. आईला त्या कामाचा पगार कधी मिळाला नाही, आणि तो मिळायला हवा होता हे आमच्या घरात कुणाला सुचलंही नाही. मलासुद्धा फार उशिरा सुचलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

(दृश्य: गल्ला. नाण्यांचे ढीग.)

अण्णा तापानं पडले तेव्हा पहिल्यांदा मला गल्ल्यावर बसवलं. त्यांनी अंथरुणातून एकच गोष्ट शिकवली. गिऱ्हाइकाची नोट लगेच गल्ल्यात टाकायची नाही. सुट्टे त्याच्या हातात पडून त्यानं मोजून घेईपर्यंत ती वरच, त्याला दिसेल अशी ठेवायची. पन्नासाची दिली की शंभराची, हा वाद मग होतच नाही. पुढं नोकरीत मी पैशांचे व्यवहार सांभाळले, तेव्हाही ती वर ठेवलेली नोट डोळ्यांपुढं असायची.

दुसरी गोष्ट त्यांनी तोंडानं कधी सांगितली नाही, मी बघून शिकले. कटाची वाटी तळाला लागली की ते पोऱ्याकडं नुसतं बघायचे. कट मागायची वेळ कुणावर येऊ द्यायची नाही. त्यातही हमालांवर नाहीच, कारण ते मागत नाहीत. उरलेला पाव कोरडा खाऊन उठतात.

(दृश्य: आयर्विन पूल, कृष्णेचं पात्र.)

१९२९ पासून उभ्या असलेल्या या पुलावर सांगली पाणी मोजते. ४५ फूट झालं की धोका. २००५ च्या पुराची खूण अण्णांनी हॉटेलच्या भिंतीवर करून ठेवली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं, तेव्हा सामान त्या खुणेच्या हातभर वरच्या फळीवर ठेवलं आणि आम्ही बाहेर पडलो. त्या वेळी पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. फळी बुडाली. तिच्यावर मसाल्याचे डबे होते, आणि उधारीची वही.

चिखल काढायला आठवडा गेला. वहीचा लगदा झाला होता. मी म्हटलं, अण्णा, आठवतंय तेवढं लिहून काढू. ते म्हणाले, "नको. आठवून लिहिलं तर कुणाच्या तरी नावावर दहा रुपये जास्त चढतील." ज्यांनी आपणहून आणून दिले ते घेतले. ज्यांनी दिले नाहीत, त्यांच्या पुढ्यातही कट तसाच पडत राहिला.

त्याच डिसेंबरात कांदा शंभर रुपये किलोच्या वर गेला. हात आधीच पोळलेले, म्हणून अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा पाटी लावली, 'कांदा मागितल्यास मिळेल.' आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, सगळ्यांदेखत पाटी उतरवली आणि भट्टीत घातली. अण्णा काही बोलले नाहीत. ते मिसळीवर जरा बारीक चिरलेला कांदा घालू लागले, पण प्रत्येकाला घातला.

पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं. या वेळी वही आईच्या पिशवीत होती.

(दृश्य: रात्र. हॉटेल बंद. आई ओट्याशी बसलेली, पुढ्यात मटकीचा डबा.)

आता अण्णा थकलेत, गल्ल्यावर मी बसते. आईला दर महिन्याला पगार मी मोजून देते, आणि ती तो मोजून घेते.

परवा संकष्टी आहे. आईनं रोजच्यापेक्षा आठ मुठी कमी भिजवल्या. मग बाहेर डोकावून आभाळ बघितलं, आणि दोन मुठी परत घातल्या.