तिसऱ्या आठवड्यातली ट्यूब

नमस्कार श्रोतेहो.

सोलापुरात अशोक चौकाजवळ माझं औषधांचं दुकान आहे. त्या काउंटरमागे उभी राहून मला 22 वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मुरमांच्या औषधाची एक ट्यूब जितक्या वेळा माझ्याकडे परत आली, तितकं दुसरं कुठलंच औषध आलं नाही. टोपण उघडलेलं, खालचं टोक एकदाच दुमडलेलं, आतलं जेल जेमतेम चौथाई संपलेलं. "काकू, हे उलटं पडलं की ओ. होते त्याच्यापेक्षा जास्त आले. परत घेता का?"

उघडलेली ट्यूब परत घेता येत नाही. पण मी विचारते, लावायला लागून किती दिवस झाले? उत्तर ठरलेलं असतं. पंधरा दिवस, वीस दिवस, फार तर महिना.

आज मला या तिसऱ्या आठवड्याबद्दल बोलायचं आहे.

ती ट्यूब असते ॲडापलीनची, नाहीतर ट्रेटिनॉइनची. मुरमांसाठी लावायची ही औषधं, दोन्ही रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या गोतावळ्यातली. काल-परवा निघालेली नाहीत. ट्रेटिनॉइनला अमेरिकेत मान्यता मिळाली 1971 मध्ये आणि ॲडापलीनला 1996 मध्ये. तोंडावर मुरूम आहेत म्हणून तुम्ही त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलात, तर चिठ्ठीवर यांतलं एखादं नाव असण्याची शक्यता खूप. औषध चांगलंच आहे. पण ते चालतं कसं हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं, आणि दवाखान्यात बाहेर रांग लागलेली असते, तिथे एवढं समजावून सांगायला सवड कुणाला?

घरातली मोरी तुंबते तेव्हा काय होतं बघा. पाणी वर येतं त्या दिवशी आपल्याला कळतं, पण आत केस आणि साबणाचा गाळ कित्येक दिवस साचत आलेला असतो. मुरमाचंही तसंच. चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी तेल बनवणारी ग्रंथी असते आणि ते तेल एका नळीतून वर येतं. नळीच्या आतली मेलेली कातडी सुटून बाहेर पडायला हवी. ती सुटत नाही, तेलात चिकटून बसते आणि नळीच्या तोंडाशी बूच तयार होतं. वरून उघडं राहिलं तर काळा ठिपका दिसतो. तो मळ नव्हे, त्यामुळे घासून जात नाही. तोंड बंद राहिलं तर पांढरी पुळी. मग आत जंतू वाढतात, सूज येते, पू होतो. आज आरशात दिसलेला फोड आत कित्येक आठवडे आधीपासून तयार होत असतो.

रेटिनॉइड त्या बुचावर काम करतं. कातडी वेळेवर सुटायला लावतं, नवीन बूच बसू देत नाही. म्हणून ते फोडावर टिकली लावल्यासारखं लावायचं नसतं, मुरूम येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ लावायचं असतं. आणि म्हणूनच पहिल्या काही आठवड्यांत आत दबा धरून बसलेले मुरूम एकदमच वर येतात. कातडी कोरडी पडते, नाकाच्या कडेला पापुद्रे निघतात, तोंड धुतलं की चुरचुरतं. माणूस आरशात बघतो आणि म्हणतो, संपलं. ट्यूब कपाटात जाते. फरक दिसायला लागतो आठव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमाराला, आणि तोवर ती कपाटातच असते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मी 19 वर्षांची होते तेव्हा माझ्या दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर मुरूम होते. घरात हळद-साय झाली, मसूरडाळीचा लेप झाला. आत्या म्हणायची, लग्न झालं की जातात. आजीने शेंगाचटणी बंद केली, उष्ण पडते म्हणून. सोलापूरच्या घरात शेंगाचटणी बंद म्हणजे काय, ते तुम्हाला माहीतच आहे. शेवटी वडील डॉक्टरांकडे घेऊन गेले, त्यांनी ट्रेटिनॉइन दिलं. मला वाटलं, जास्त लावलं की लवकर बरं होईल. सकाळी, दुपारी, रात्री, जाड थर देऊन. एप्रिल महिना होता. आठवड्याभरात उकडलेल्या टोमॅटोसारखी गालाची सालं निघायला लागली. अठराव्या दिवशी मी ट्यूब फेकून दिली.

त्यानंतर जे झालं ते जास्त वाईट होतं. शेजारच्या एका बाईंनी एक पांढरं मलम आणून दिलं, माझ्या भाचीला याने फरक पडला म्हणाल्या. चार दिवसांत तोंड असं गुळगुळीत आणि उजळ झालं की आई दृष्ट काढायला लागली. मी ते पाच महिने लावलं. मग एकदा गावाला जाताना घरी विसरले, आणि तिसऱ्या दिवशी चेहरा लालबुंद. आग, खाज, आणि पहिल्यापेक्षा दुप्पट फोड. ते स्टिरॉइडचं मलम होतं. स्टिरॉइड सूज आणि लाली झटकन दाबतं, कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात म्हणून रंगही उजळ वाटतो. पण कातडी पातळ होत जाते, लाल रेघा दिसायला लागतात, काही जणींना गालावर लव वाढते. आणि सोडलं की सगळं उसळून वर येतं, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो.

अजूनही माझ्याकडे रोज कुणी ना कुणी येतं. "ताई, ते गोरं व्हायचं मलम द्या, मैत्रिणीने सांगितलंय." नाव ऐकलं की कळतं. एकाच ट्यूबमध्ये डाग घालवणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड. वांगाच्या डागांसाठी डॉक्टरांनी, त्यांच्या नजरेखाली, थोडे आठवडे द्यायचं ते औषध आहे. मुरमांचं नाही आणि रोजच्या वापराचं तर नाहीच नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. मी देत नाही, मग माणूस पुढच्या दुकानात जातो. त्याचं मला आजही वाईट वाटतं. आज ऐकणाऱ्यांपैकी कुणी असं मलम महिनोन्‌महिने लावत असेल, तर एकदम बंद करू नका आणि लपवूही नका. ती ट्यूब तशीच पिशवीत घालून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. सिव्हिलमध्येही त्वचेचा विभाग आहे.

आता रेटिनॉइड लावायचं कसं. मी हे काउंटरवर करून दाखवते, आज बोलून दाखवते.

रात्री तोंड साध्या, सौम्य साबणाने एकदा धुवायचं. आपल्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, पण त्यासाठी दिवसातून पाच वेळा धुवायची गरजही नाही. दोनदा पुरे. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. मग पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. ओल्या कातडीवर हे जास्त झोंबतं. आता ट्यूब दाबा. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टोकावर वाटाण्याच्या एका दाण्याएवढं जेल. हे अख्ख्या चेहऱ्याला पुरतं. लोकांचा विश्वास बसत नाही, "एवढंच?" म्हणतात. हो, एवढंच. कपाळाला एक ठिपका, दोन गालांना दोन, हनुवटीला एक, आणि पसरवायचं. डोळ्यांच्या कडा, नाकाच्या खाचा, ओठांचे कोपरे सोडून. तिथली कातडी नाजूक असते, हवं तर आधी व्हॅसलीनचं बोट फिरवा. वरून साधं मॉइश्चरायझर. "तोंड आधीच तेलकट, त्यावर आणखी क्रीम?" असं प्रत्येक मुलगा विचारतो. ते तेल वेगळं आणि कातडीचा ओलावा वेगळा. फार चुरचुरत असेल तर मॉइश्चरायझर आधी लावा, वरून औषध.

आणि रोज नको. पहिले दोन आठवडे दोन रात्री सोडून तिसऱ्या रात्री, मग एक दिवसाआड, मग सोसेल तसं रोज. सालं निघायला लागली तर दोन-तीन रात्री थांबा आणि परत सुरू करा. माझ्या त्या अठराव्या दिवशी कुणी मला एवढंच सांगितलं असतं की बाई, सोडू नको, कमी कर, तर पुढचे पाच महिने वाचले असते.

सकाळी सनस्क्रीन, त्यावरचा एसपीएफ, म्हणजे ऊन अडवण्याचा आकडा, 30 किंवा त्याहून जास्त. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर जातो आणि या औषधाने कातडी उन्हाला हळवी होते. गाडीवर स्कार्फ बांधणाऱ्या मुलींनो, बांधा, पण तो रोज धुतलेला हवा. डोक्याला तेल थापून झोपलात तर ते कपाळावर उतरतं आणि तिथे मुरूम येतात. लिंबू, टूथपेस्ट, घासायची स्क्रब, हे सगळं या काळात बंद. शेंगाचटणी खुशाल खा. कमी करायचंच असेल तर गोड पेयं आणि साखर कमी करा.

पार्लरचं मात्र नीट ऐका. एका मुलीने भावाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी ओठांवर वॅक्सिंग करून घेतलं. ॲडापलीन चालू आहे हे पार्लरवालीला सांगितलं नव्हतं. पट्टीबरोबर कातडीही निघून आली, आणि सगळ्या फोटोंत तिने तोंडावर पदर धरलेला आहे. औषध चालू असेल तिथे वॅक्सिंग नको, ब्लीच नको. आणि लग्न पंधरा-वीस दिवसांवर आलं असताना हे औषध नव्याने सुरूही करू नका, नेमके वाईट दिवस मांडवात येतील.

अजून एक, आणि हे मी प्रत्येक लग्न झालेल्या मुलीला जवळ बोलावून विचारते. दिवस गेलेले असतील किंवा मूल हवं असेल, तर रेटिनॉइड लावायचं नाही, डॉक्टरांना सांगून दुसरं घ्यायचं. यातल्याच जातीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या असतात, त्यांनी तर पोटातल्या बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. त्या गोळ्या कुणाच्या उरलेल्या म्हणून कधीही घेऊ नका. पाळी अनियमित आणि मुरूम हनुवटीवर, जबड्यावर असं असेल तर मलमाआधी डॉक्टरांशी त्याबद्दल बोला.

आता एका मुलाचं सांगते. वय 21, यंत्रमागावर रात्रपाळी करतो. कारखान्यात उकाडा, हवेत कापसाची तुसं, घाम पुसायला खांद्यावर आपलाच सोलापुरी टॉवेल. तोंडावर एवढे मुरूम की दाढी करताना रक्त येतं. डॉक्टरांनी ॲडापलीन लिहून दिलं, रात्री झोपताना लावा. तो ट्यूब हातात धरून उभा राहिला. "काकू, रात्री तर मी मागावर असतो. मग लावू कधी?"

22 वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मलाही सुचला नव्हता. मी त्याला म्हटलं, तुझी रात्र सकाळी सुरू होते. पाळीवरून ये, आंघोळ कर, तोंड सुकू दे, जेव, मग औषध लाव आणि खिडकी बंद करून झोप. उठलास की तोंड धू, उन्हात जायचं तर सनस्क्रीन लाव. दाढी करायची ती औषध लावायच्या आधी, नंतर नाही. आणि दोन टॉवेल ठेव, एक तोंडाला, एक अंगाला.

सतरा-अठरा दिवसांनी तो आलाच, ट्यूब घेऊन. गालावर नवीन चार फोड, नाकाशी पापुद्रे. काही बोलला नाही, ट्यूब काउंटरवर ठेवली. मी त्याला घरातल्या कालनिर्णयाबद्दल विचारलं. भिंतीवर आहे म्हणाला, आई दुधाच्या खुणा करते त्याच्यावर. मी म्हटलं, तिच्या खुणांखाली तुझी कर. ज्या दिवशी लावलं त्या दिवशी फुली. नाही लावलं तर चौकट मोकळी. आणि सुरू केल्यापासूनचा बारावा आठवडा मोजून त्याला गोल कर. त्या गोलाच्या आधी आरशाला काही विचारायचं नाही.

परवा पाळीवर जाताना तो दुकानापाशी थांबला आणि मोबाइलवर कॅलेंडरचा फोटो दाखवला. दुधाच्या रेघांखाली त्याच्या फुल्या, मध्ये मध्ये मोकळ्या चौकटी. नववा आठवडा चालू आहे. कपाळ बरंच मोकळं झालंय, गालावर तपकिरी डाग आहेत, ते जायला अजून काही महिने लागतील हे मी त्याला सांगितलं. जुन्या खड्ड्यांना मलमाने भर येत नाही, तेही सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि दुसरी ट्यूब मागितली.

नमस्कार.