दुकानात झालेली मैफल

[स्पूल मशीनचा क्लोजअप. रिळं फिरू लागतात.]

हे मशीन एका मित्राच्या वडिलांचं. आमची गोष्ट अमेरिकेतल्या रस्त्यावर गाणाऱ्या एका गायकाची, एका दुकानात असल्या मशीनवर टेप झालेल्या त्याच्या गाण्यांची. ते मशीन हे नव्हे, पण त्याच पिढीतलं आहे आणि अजून चालतंय, म्हणून मागून आणलं. डावीकडे भरलेलं रीळ, उजवीकडे रिकामं, मध्ये पाव इंच रुंदीची तपकिरी टेप. सात इंची रिळावर 1200 फूट टेप मावते. सेकंदाला साडेसात इंच या गतीनं ती 32 मिनिटं चालते. रीळ उलटं लावलं की आणखी तेवढीच. आता शेजारची ही तबकडी बघा. मिनिटाला 78 फेरे घेणारी. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. लाल दिवा लागला की गायचं, विझायच्या आत संपवायचं.

[बारा तारांची गिटार. बोटं.]

ब्लाइंड विली मॅकटेल हा अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातला अंध, कृष्णवर्णीय गायक. ब्लूज, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांचं दुःखाचं, रोजच्या जगण्याचं गाणं, तो असा तीन-तीन मिनिटांत गायला. 1927 साली व्हिक्टर कंपनीसाठी पहिल्यांदा, पुढच्याच वर्षी 'स्टेट्सबरो ब्लूज'. कोलंबियाच्या तबकडीवर तो ब्लाइंड सॅमी, ओके कंपनीच्या तबकडीवर जॉर्जिया बिल, 1949 साली अटलांटिकसाठी बॅरलहाउस सॅमी. कंपनी बदलली की नाव बदललं. माणूस तोच आणि गिटारही अशीच, बारा तारांची.

तारा जोड्यांनी असतात. वरच्या दोन जोड्या एकाच सुरात, बाकीच्या चार जोड्यांत एक तार दुसरीपेक्षा सप्तकभर वर. वाजवायला ही गिटार जड, जुळवायला त्याहून कटकटीची. पण रस्त्यावर गाणाऱ्याला कुठला आलाय मायक्रोफोन? गाड्यांच्या गोंगाटातून हिचाच आवाज पलीकडच्या फुटपाथपर्यंत पोचतो.

[जुनं ध्वनिमुद्रण. पडद्यावर फक्त तरंगरेषा.]

हा आवाज 1940 सालचा, अटलांटातल्या एका हॉटेलच्या खोलीतला. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी लोकगीतांचा संग्राहक जॉन लोमॅक्स मुद्रण करतोय. लोमॅक्स विचारतो, तुमच्या लोकांची तक्रारीची गाणी नाहीत का? मॅकटेल शिताफीनं बगल देतो. समोर टेक्सासचा गोरा संशोधक, साल 1940, गाव अटलांटा. बगल देणार नाही तर काय करणार? लोमॅक्सनं अमेरिकेची लोकगीतं जपली, त्याचे उपकार आहेतच. पण या खोलीत मॅकटेल पाहुण्यासारखा बसलाय, हे कानाला कळतं.

[पॉन्स डी लिऑन ॲव्हेन्यू. तिन्हीसांज. गाड्यांचे दिवे.]

हा रस्ता पॉन्स डी लिऑन ॲव्हेन्यू. स्पॅनिश थाटात उच्चार केलात तर इथला टॅक्सीवाला तुमच्याकडे बघत राहील. 1956 साली इथल्या ब्लू लँटर्न क्लबच्या आवारात, उभ्या गाड्यांमधून फिरत मॅकटेल गायचा. काच खाली व्हायची, फर्माईश यायची, नाणं हातात पडायचं. पन्नाशी उलटलेली. नवी रेकॉर्ड निघून काही वर्षं झालेली.

अटलांटातच एडवर्ड ऱ्होड्सचं रेकॉर्डचं दुकान होतं. त्यानं मॅकटेलला गाठलं, दारूची बाटली पुढे केली आणि दुकानात आणलं. ऱ्होड्स ध्वनिमुद्रक नव्हता. त्याच्याकडे टेप मशीन होतं, एवढंच.

[पुन्हा मशीन. मायक्रोफोन, त्याची वायर, आवाजाची पातळी दाखवणाऱ्या व्हीयू मीटरची सुई.]

एक माणूस, एक गिटार, एक मायक्रोफोन. व्यावसायिक माणसानं आवाज बंदिस्त खोलीत घेतला असता, गाणं संपल्याबरोबर मशीन थांबवलं असतं. इथे गाणं संपतं आणि टेप चालूच राहते. मॅकटेल गप्पा मारतो. हे गाणं कुठून आलं, मी कधी रचलं, हे सांगतो. मग ब्लूज सोडून 'वॉबॅश कॅननबॉल' हे आगगाडीचं गाणं घेतो, ते गोऱ्यांच्या कंट्री संगीतातही गाजलेलं. मग एखादं चावट. गाड्यांच्या खिडक्यांशी उभं राहून गाणाऱ्याला सगळंच यावं लागतं.

ज्यांनी आपल्याकडच्या खासगी मैफलींच्या कॅसेटी ऐकल्यात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तानपुरा लागेपर्यंतचं खाकरणं, कुणीतरी पुटपुटलेलं "चहा नंतर", बुवांनी बंदिशीबद्दल सहज टाकलेलं वाक्य. कंपनीच्या रेकॉर्डवर यातलं काही नसतं. मला तरी पहिल्या तानेइतकंच ते हवं असतं.

[रिळाची कड. जुनी, लहरलेली टेप.]

त्या काळची बरीच टेप ॲसिटेटची. उष्णतेनं ती आंबते, व्हिनेगरचा वास मारते, मग काडीसारखी तुटते. आणि जॉर्जियातला माळा म्हणजे उन्हाळ्यात भट्टीच. ऱ्होड्सकडची रिळं माळ्यावर गेली. संशोधक सॅम्युएल चार्टर्सपर्यंत पोचलं ते एकच. प्रेस्टीज ब्लूजव्हिल या रेकॉर्ड कंपनीनं ते तबकडीवर काढलं. मॅकटेल 19 ऑगस्ट 1959 रोजीच वारला होता.

[जोन्स ग्रोव्ह चर्चची दफनभूमी. पाईनची झाडं.]

अटलांटापासून पूर्वेला दोनेक तासांवर थॉमसन गाव. मॅकटेलचं थडगं इथे. त्याच्या पहिल्या दगडावर त्याचं नाव पडलं होतं 'एडी मॅक्टियर'. नवा दगड नंतर बसवला.

[कोर्टलँड स्ट्रीट, अटलांटा. विद्यापीठाच्या इमारती, विद्यार्थ्यांची ये-जा.]

दुकानातल्या त्या टेपवर एक जागा अशी आहे, की मॅकटेल गिटारवरचा हात न काढता बोलू लागतो. जेसी विल्यम्स नावाचा जुगारी होता, त्याला इथे, या कोर्टलँड स्ट्रीटवर गोळी लागली. हे गाणं त्याचं. 1929 साली रचायला घेतलं, 1932 साली पुरं झालं. जेसी म्हणाला होता, माझ्या थडग्यावर हे वाजव. मी वाजवलं, असं मॅकटेल सांगतो. अगदी सहज, वाण्याकडचा हिशोब सांगावा तसं. आणि गायला लागतो.

[टेपवरचं गाणं. निवेदन नाही.]