दहा अंशांच्या पलीकडचा जिल्हा

नमस्कार श्रोतेहो.

शाळेत भारताचा नकाशा काढताना अंदमान-निकोबार अगदी शेवटी यायचं. उजवीकडे खाली पेन्सिलीने चार-सहा टिंबं दिली की झाला नकाशा पूर्ण. आज मला त्यातल्या सगळ्यात खालच्या टिंबांविषयी बोलायचं आहे. ती टिंबं म्हणजे एक अख्खा जिल्हा आहे, निकोबार जिल्हा. तिथे जिल्हाधिकारी आहेत, त्यांना तिकडे उपायुक्त म्हणतात. तहसील कचेऱ्या आहेत, पोलीस ठाणी आहेत, शाळा आहेत. शहर मात्र नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ३६,८४२ भरली आणि ती सगळीच्या सगळी ग्रामीण.

अंदमान आणि निकोबार आपण एका दमात म्हणतो, पण दोघांच्या मध्ये दीडशे किलोमीटर रुंदीचा खवळता समुद्र आहे. दहा अंश अक्षांशावरची ही सामुद्रधुनी, म्हणून तिचं नाव टेन डिग्री चॅनल. ती ओलांडली की कार निकोबार लागतं. तिथून दक्षिणेला बेटामागून बेट करत शेवटचं टोक येतं इंदिरा पॉइंट, भारताचं सर्वांत दक्षिणेकडचं ठिकाण. हे अंतर किती? मुंबईहून सरळ रेषेत देवगड गाठावं, साधारण तेवढं. एवढ्या पट्ट्यात जमीन फक्त १,८४१ चौरस किलोमीटर. बाकी सगळं पाणी.

त्यात पुन्हा जमीन एका टोकाला आणि माणसं दुसऱ्या टोकाला. दक्षिणेचं ग्रेट निकोबार जिल्ह्याची जवळजवळ निम्मी जमीन अडवून बसलं आहे. घनदाट जंगल, ६४२ मीटर उंचीचा माउंट थुलियर, बारमाही वाहणारी गलाथिया नदी, आणि माणसं आठ हजारांच्या आसपास. उत्तरेचं कार निकोबार १२७ चौरस किलोमीटरचं, तळहातासारखं सपाट, नारळाच्या झाडांनी भरलेलं. जिल्ह्यातली जवळपास निम्मी वस्ती तिथे आहे आणि जिल्ह्याचं मुख्यालयही तिथेच. मधल्या बेटांचा कारभार कामोर्ताहून चालतो, दक्षिणेचा कॅम्पबेल बे इथून.

आता विचार करा, कॅम्पबेल बेच्या माणसाचं काम मुख्यालयात अडलं तर? आपल्याकडे माणूस सकाळची एसटी धरून जिल्ह्याच्या गावी जातो आणि संध्याकाळी परत येतो. तिथे आधी जहाजाचं वेळापत्रक बघायचं, मग आकाश बघायचं. नैर्ऋत्य मोसमी वारा जोरात असला की छोट्या बेटांवर जहाजातून उतरणंच अवघड होतं. हेलिकॉप्टर आहे, पण त्यातल्या जागा मोजक्या आणि आजारी माणसाचा हक्क पहिला. तांदूळ, डिझेल, औषधं, शाळेची पुस्तकं, सगळं बोटीने येतं. १९७४ पर्यंत तर अंदमान-निकोबार मिळून एकच जिल्हा होता. त्या वर्षी १ ऑगस्टला निकोबार वेगळा झाला आणि निदान उपायुक्तांचं कार्यालय तरी सामुद्रधुनी ओलांडून निकोबारात आलं.

सरकारी कागदावर समुद्र म्हणजे अडचण. निकोबारी माणसाच्या मनात तसं नाही, आणि आजच्या बोलण्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. चौरा नावाचं एक बेट आहे, आठ-एक चौरस किलोमीटरचं. तिथल्या बायका मातीची भांडी घडवत. चाक नाही, मातीच्या वळ्या करून एकावर एक चढवायच्या आणि हातानेच गुळगुळीत करायच्या. गंमत म्हणजे चौऱ्यावर त्या कामाची माती नाही. ती शेजारच्या तेरेसा बेटावरून होडीने आणायची. आणि भांडी घडवायचा मान मात्र चौऱ्याचाच. इतर बेटांनी ती करायची नाहीत, असा जुना दंडक. होड्यांसाठी मोठी झाडं दक्षिणेच्या जंगलातली, तिथे कोरलेल्या होड्या चौऱ्यामार्गे कार निकोबारला पोचायच्या. म्हणजे माती एका बेटाची, हात दुसऱ्याचे, लाकूड तिसऱ्याचं आणि चूल चौथ्याची. आणि हो, त्या बाजूला आडवा तराफा जोडलेल्या नावेला तिथेही होडीच म्हणतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं.

खाण्यातही एक ओळखीची वस्तू आहे. आपल्या केवड्याच्या कुळातलं एक मोठं, फणसाएवढं फळ तिथे होतं. ते शिजवून, शिंपल्याने खरवडून, त्यातले धागे चिकाटीने काढून टाकत त्याचा गर करतात. तांदूळ बोटीने येऊ लागण्याआधी पोटाला आधार याच गराचा आणि नारळाचा.

कारभाराची तिथली खरी गंमत गावात आहे. ग्रेट निकोबारच्या पूर्व किनाऱ्यावरची काही गावं सोडली तर जिल्ह्यात ग्रामपंचायत नाही. गावाचा प्रमुख असतो कप्तान. पहिला कप्तान, दुसरा कप्तान, तिसरा कप्तान, सगळे गावाने निवडलेले. नारळ घ्यायला येणाऱ्या जहाजांच्या कप्तानांवरून हे नाव रुळलं. पुढे ब्रिटिशांनी त्याच पद्धतीला सरकारी मान दिला. कप्तानांच्या वर बेटाची आदिवासी परिषद. जमिनीचं भांडण असो, कुणाची बाग कुणी कसायची हा प्रश्न असो, निवाडा बहुतेक तिथेच होतो. १९५६ च्या संरक्षण नियमावलीनुसार राखीव भागात बाहेरच्या माणसाला जमीन घेता येत नाही, पासाशिवाय पाऊलही ठेवता येत नाही. मला विचाराल तर या जिल्ह्यासाठी झालेलं सर्वांत शहाणपणाचं काम हेच.

पंचायती असलेली ती पूर्व किनाऱ्यावरची गावं माजी सैनिकांची. १९६९ पासून पुढची दहा-अकरा वर्षं सरकारने तिथे सुमारे ३३० कुटुंबं वसवली. पंजाब, केरळ, तमिळनाडू आणि आपल्या महाराष्ट्रातलीही. गोविंदनगर, विजयनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर अशी नावं. जंगल तोडून त्यांनी नारळ-सुपारी लावली, भाजीपाला पिकवला.

मग २६ डिसेंबर २००४ ची, त्सुनामीची सकाळ आली. भूकंपाचं केंद्र सुमात्राजवळ, आणि निकोबार त्याच्या अगदी दारात. या द्वीपसमूहात मृत आणि बेपत्ता मिळून साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यातली बहुतेक निकोबारची. कच्छल बेटावर तर घरंच्या घरं रिकामी झाली. कार निकोबारच्या तळावर हवाई दलाचे जवान आणि त्यांचे कुटुंबीय मिळून शंभरावर जण गेले. इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरहून जास्त खचली. तिथला दीपगृहाचा मनोरा तेव्हापासून पाण्यात पाय बुडवून उभा आहे. ट्रिंकेट बेटाचे तुकडे झाले आणि तिथल्या लोकांना कामोर्ताला हलवावं लागलं.

मदत आली, भरपूर आली, आणि मनापासून आली. पण तिचा साचा मुख्य भूमीवरचा होता. निकोबारी घर म्हणजे खांबांवर उचललेली गोल, मधाच्या पोळ्यासारखी झोपडी. शिडीने वर चढायचं, खालच्या सावलीत बसायचं. त्याच्या जागी पत्र्याच्या छपरांच्या ओळी आल्या. त्याहून खोल गेलेली गोष्ट वेगळी. कार निकोबारमध्ये कुटुंब म्हणजे तुहेत, अनेक घरांचा मिळून एक गोतावळा. नारळाची बाग त्याची, डुकरं त्याची, सणाचा खर्च त्याचा. नुकसानभरपाईचा धनादेश मात्र नवरा, बायको आणि मुलं एवढंच कुटुंब धरून निघाला. कागदावरच्या एका रकान्याने जे मोडलं, ते लाटेने मोडलं नव्हतं.

ग्रेट निकोबारच्या पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या निकोबारी लोकांनाही तेव्हा गाव सोडावं लागलं. त्यांना कॅम्पबेल बेजवळ राजीवनगर आणि न्यू चिंगेन इथे तात्पुरतं म्हणून आणलं. वीस वर्षं उलटली, ते अजून तिथेच आहेत. मधल्या काळात गलाथियाच्या मुखाशी मोठं मालवाहू बंदर, विमानतळ आणि नवं नगर उभारायची योजना मंजूर झाली. महाकाय लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात तीच ही वाळू. आदिवासी परिषदेने आधी दिलेली संमती २०२२ मध्ये लेखी मागे घेतली.

बंदर हवं की नको यावर दिल्लीत, न्यायालयांत, वर्तमानपत्रांत पुष्कळ बोललं जातं. राजीवनगरच्या लोकांची मागणी त्या सगळ्याच्या आधीची आहे आणि अगदी साधी आहे: आम्हाला आमच्या गावी परत जाऊ द्या. तिथे त्यांच्या आजोबांनी लावलेल्या माडांच्या बागा आहेत. वाट समुद्राची आहे, आणि ती त्यांना पाठ आहे.

नमस्कार.