वेल्डिंग झालं, आता पद्मिनीच्या पोटाला रंग

नमस्कार मंडळी. हा साधा स्क्रू-ड्रायव्हर, आणि ही गाडीच्या दारांखालची पट्टी, म्हणजे सिल. जरा टोचून बघतो हं... गेला की आत! आवाज ऐकलात? भिजलेल्या बिस्किटासारखा. दोन पावसाळ्यांपूर्वी एका गॅरेजात इथेच नवा पत्रा मारून घेतला होता. वर जाडजूड काळं अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या पोटाला लावायचा डांबरी थर. कोटिंग अजून झकास आहे, पत्रा तेवढा उरला नाही.

ही प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. मूळ डिझाइन १९५३ च्या फियाट अकराशेचं. हिला वेगळी चॅसिस, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नाही. तळाचा पत्रा आणि हे सिल, हाच हिचा कणा. त्यामुळे सिल सडलं की दारं लोंबायला लागतात.

मग गंज आला कुठून? आतून. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याचा दोन्ही बाजूंचा रंग जळतो. बाहेरची बाजू आपण घासतो, रंगवतो. आतली तशीच उघडी राहते. सिल म्हणजे बंद डबा, आत कोण डोकावतंय?

या वेळी सगळं कापून नवा पत्रा लावलाय, पलीकडच्या बाजूला. या इकडे. वेल्डिंगचा टाका ग्राइंडरने सपाट करायच्या नादात पार खाली घेऊ नका, जोड पातळ होतो. काळी जळकी कड मात्र चकचकीत होईपर्यंत घासा. हे बघा, इथे टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे, तळाशी तपकिरी. रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज जिरवणारं रसायन, लावायचं ते फक्त इथे. स्वच्छ पत्र्यावर त्याला कामच नाही. मग थिनरचा फडका, आणि वेल्डिंग पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर भडका उडेल.

घासलं की त्याच दिवशी प्राइमर. पावसाळ्यात रात्रभर उघडं ठेवलंत तर सकाळी पत्रा केशरी झालेला असतो.

प्राइमर कुठला? हार्डवेअरवाला रेड ऑक्साइड देईल. गेटला ठीक आहे, गाडीच्या पोटाला मी लावणार नाही. हार्डनरवाला इपॉक्सी घ्या, प्रमाण डब्यावर लिहिलंय तेवढंच, अंदाजपंचे नाही. दोन हात. वाळला की जोडांवर सीम सीलर, म्हणजे फटी बुजवणारी लुकण, ब्रशने दाबून दाबून. त्यावर रंग, आणि चाकांच्या कमानीत, जिथे खडी उडते, तिथे रबरासारखं लवचीक स्टोन-चिप कोटिंग. डांबरी अंडरकोटिंग जुनं झालं की कडक होतं, तडकतं. फटीतून पाणी शिरलं की बाहेर पडत नाही, आणि वरून काही दिसतही नाही. माझ्या सिलचा गंज आतला, पण कोटिंगखाली तोही दिसला नाही.

आता आतली बाजू. कॅव्हिटी वॅक्सची, म्हणजे पोकळीत फवारायच्या मेणाची, ही लांब नळी, टोकाला सगळीकडे उडणारा नोझल. सिलच्या भोकातून पार शेवटपर्यंत घालायची आणि फवारत फवारत हळूहळू मागे ओढायची. बघा, खालच्या भोकांतून ठिबकायला लागलं. म्हणजे तळापर्यंत पोचलं. पाणी निघायची हीच भोकं, उद्या तारेने मोकळी करून घ्यायची. आणि खाली जुने पेपर अंथरा बरं. माझ्या सोसायटीच्या पार्किंगमधला डाग अजून गेलेला नाही, सेक्रेटरी रोज दाखवतात.